लॉन्झो क्वार्ल्सचा वाकडा दात

ओडेसा क्वार्ल्सला नवऱ्याचं सगळं पसंत होतं, एक दात सोडून. वरच्या ओळीतला, डावीकडचा, अगदी पुढचा. दारुड्यानं खांबाला टेकावं तसा तो शेजारच्या दातावर रेललेला असे. लग्नाच्या वेळी तिनं मनाशी म्हटलं होतं, असू दे, माणूस ट्रम्पेट वाजवतो, निम्मा वेळ तोंड झाकलेलंच राहील. तो अंदाज साफ चुकला. ट्रम्पेट खाली घेतलं की लॉन्झो हसायचा, आणि फोटोवाला दिसला की कानापर्यंत हसायचा. वर्तमानपत्रात फोटो, नाचाच्या जाहिरातीवर फोटो, चर्चमध्ये वारा घ्यायला ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या पंख्यांवरसुद्धा फोटो. आणि प्रत्येकात तो दात सगळ्यांच्या पुढे, जसा काही बँड त्याच्याच नावावर चालतो.

बँड लॉन्झोचा होता. नाव 'प्रेअरी डझन', वाजवणारे बारा, मुक्काम ओमाहा गाव, नॉर्थ साइड ही तिथली काळ्या लोकांची वस्ती. एकोणतीस साली उभा केला तो चौसष्ट साल उजाडलं तरी उभा होता. त्याच्या बरोबरीचे किती बँड मोडले, त्यांच्या बसगाड्या कुठल्या कुठल्या शेतात गंजून गेल्या. ईस्टरच्या सोमवारी पस्तिसाव्या वर्षाचा नाच ठरला होता, आणि नेमका त्याच हिवाळ्यात लॉन्झोच्या हिरड्यांनी दगा दिला. पुढचे चार दात काढावे लागले. त्यांत तोही गेला.

ओडेसानं तोंडानं हळहळ केली. मनात तिला बरं वाटलं होतं, आता खोटं कशाला बोला.

गवयाला गळ्याची असते तशी ट्रम्पेटवाल्याला दातांची धास्ती असते. म्हणून सदतीस साली म्हाताऱ्या डॉक्टर वेदरस्पूननं लॉन्झोच्या धडधाकट दातांचा प्लास्टरचा साचा काढून दिला होता. "हा जपून ठेव," तो म्हणाला होता. "दात गेले तर हुबेहूब असेच करून घे. केसभर फरक पडला तर तुझा आवाज गेला समज." सत्तावीस वर्षं तो साचा ओडेसाच्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, बटणांच्या डब्याशेजारी बेकिंग पावडरच्या रिकाम्या डब्यात पडून होता. झाडलोट करताना दर वेळी तो तिच्याकडे बघून दात विचकायचा.

लॉन्झो दिवसा पोस्टात टपाल निवडायला जाई. त्यानं सकाळी टोपी घालता घालता सांगितलं, "डेसा, डबा तेवढा डॉक्टरकडे पोचव. म्हणावं, जसंच्या तसं."

म्हातारा वेदरस्पून केव्हाच देवाघरी गेला होता. आता त्याचा मुलगा दवाखाना बघे. ओडेसानं डबा त्याच्यासमोर ठेवला, हातमोजे काढले, आणि बोट त्या प्लास्टरच्या दातावर टेकवलं.

"बाकी सगळं असंच कर. हा एवढा सरळ कर."

"प्रोफेसर असं म्हणाले?" लॉन्झोला सगळी नॉर्थ साइड प्रोफेसर म्हणायची.

"प्रोफेसरांना काय म्हणायचं असतं ते माझ्याच तोंडून बाहेर पडतं."

"पण मिस डेसा, माझे वडील म्हणायचे की वाजवणाऱ्यांच्या दातांना..."

"तुझ्या वडलांना मी नदीत बाप्तिस्मा घेताना पाहिलंय. गुडघाभर पाण्यात किंचाळले होते. त्यांचं मला नको सांगूस. पस्तिसाव्या वर्षाचा फोटो निघायचाय, तो माझ्या भिंतीवर लागणार आहे. सरळ कर."

डॉक्टरनं एक सुस्कारा सोडला, कानस उचलली, आणि तिच्यादेखत प्लास्टरचा तो दात घासून शेजाऱ्यांच्या रांगेत आणून उभा केला.

पंधरा दिवसांनी चार दातांची कवळी आली. लॉन्झोनं ती बसवली आणि आरशासमोर बराच वेळ उभा राहिला. माणूस एकदम चर्चचा मुख्य कारभारी दिसायला लागला होता.

"हं," तो म्हणाला.

"हं काय?"

"काही नाही. कोणाचे आहेत ते असोत, दात चांगले आहेत."

"इतक्या वर्षांत साचा झिजला असेल जरासा," ओडेसा म्हणाली, आणि भाजीचं पातेलं उगाच दुसऱ्या चुलीवर सरकवलं.

मागच्या ओट्यावर जाऊन त्यानं ट्रम्पेट ओठांना लावलं. एरवी तो पहिला सूर निघाला की तीन घरं पलीकडची मिसेस टिबेट धुणं वाळत घालता घालता कंबर हलवायची. त्या दिवशी किटलीच्या तोंडातून वाफ निघावी तसं काहीतरी निघालं. त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा वाफ. त्या वाकड्या दातामागे एक बारीक फट होती. पस्तीस वर्षं त्याचा वारा त्या फटीतून गेला होता. ती फट आता राहिली नव्हती, पण हे लॉन्झोला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं साचाच तसा, आणि साचा तसा तर खोट आपल्यात.

रोज पोस्टातून आला की तो तळघरात उतरायचा. वर ओडेसा इस्त्री करत बसायची आणि खालून तो वाफेचा आवाज फळ्यांमधून वर यायचा. तिनं त्या तीन आठवड्यांत घरातला कपडान् कपडा इस्त्री केला, फडकीसुद्धा. एक दिवस तो फाटलेल्या ओठानं वर आला, टेबलाशी बसला, मक्याचा पाव ताकात बुडवला आणि न खाताच म्हणाला, "वय झालं गं डेसा. मला वाटलं होतं वय कळवून येईल."

तेव्हाच सांगून टाकायचं. पण चर्चच्या पाद्र्याला न सोडणारी ती जीभ टाळ्याला चिकटून बसली. सांगायचं काय? की फोटोसाठी मी तुमचा आवाज कानशीनं घासला?

आणि पुढे 'खुर्ची ऐकणं' येऊन ठेपलं होतं.

बँड लॉन्झोनं उभा केला असला तरी प्रेअरी डझनमध्ये मालक कोणी नव्हतं. सगळ्यांचा वाटा सारखा आणि सगळं हात वर करून ठरायचं. कुठल्या गावी जायचं इथपासून कोटाचा रंग कोणता इथपर्यंत. ओडेसाचाही एक हात होता. परक्या गावात काळ्या माणसांना हॉटेलात जागा मिळत नसे तेव्हा बारा जणांना झोपायला ओळखीची घरं तिनंच शोधली होती, त्यांचे कोट शिवले होते, बसमध्ये स्टोव्हवर कोंबडी तळली होती. आणि वर्षातून एकदा, मोठ्या नाचाच्या आधी, ट्रम्पेटची पहिली खुर्ची कोणाची हे ठरायचं. सगळे भिंतीकडे तोंड करून बसायचे. पाठीमागे दोघे जण एकामागून एक तोच तुकडा वाजवायचे. कोण आधी, कोण नंतर, हे कोणाला माहीत नसायचं. मग हात वर. हात समसमान आले तर खुर्ची जुन्याकडेच. हा नियम लॉन्झोनंच एकतीस साली काढला होता, आणि पहिल्याच वर्षी त्या नियमानं जी खुर्ची गेली ती ओडेसाच्या सख्ख्या भावाची, एनिसची. एका हातानं गेली. तो हात ओडेसाचा होता.

एनिस वर्षभर तिच्याशी बोलला नाही. मग ट्रम्पेट पेटीत बंद करून बस चालवायला लागला, आणि तेव्हापासून दर रविवारी तिच्याकडे जेवायला येऊन कोंबडीत मीठ कमी आहे म्हणायला लागला. तेहतीस वर्षं तो तेच म्हणत होता. तेहतीस वर्षं पहिली खुर्ची लॉन्झोची होती.

खुर्ची ऐकण्याला पाच दिवस उरले तेव्हा ओडेसा परत दवाखान्यात गेली.

"वाकडा कर," ती म्हणाली.

"काय?"

"ऐकलंस ते. जसा होता तसा."

"मिस डेसा, साचा तुमच्यासमोर घासला मी. आता कसा होता ते मी कुठून आणू? केसभर इकडेतिकडे झालं तर..."

"तर आवाज गेला. माहितेय मला. बस इथेच." ती घरी गेली आणि बुटांचं मोठं खोकं काखेत मारून आली. त्यात पस्तीस वर्षांचे फोटो होते. जे तिनं कधी भिंतीवर लावू दिले नव्हते ते सगळे.

डॉक्टरनं भिंग काढलं. ओडेसा एकेक फोटो पुढे सरकवू लागली.

पहिला एकोणतीसचा. लॉन्झो पंचवीस वर्षांचा, कोट उसना, बाह्या आखूड, दात पुढे. मग कॅन्सस सिटी, तिथल्या बँडशी समोरासमोर वाजवलं तो उन्हाळा. सकाळी फोटो काढला तेव्हा दोन्ही बँडची माणसं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली, हा एकटा हसतोय. मग न्यूयॉर्क. तिथल्या एका नावाजलेल्या बँडनं बोलावून नेलं होतं. तीन महिन्यांत परत आला. सांगितलं, तिथे जेवायला कोणी घरी बोलावत नाही. खरं काय ते ओडेसानं कधी विचारलं नाही. परत आला एवढं तिला पुरलं. मग लढाईतल्या छावण्या, सैनिकांची रांग, दात. मग पन्नास साल, आयोवात बर्फात रुतलेली बस, सगळे ढकलतायत, एनिस चाकाशी बसून शिव्या देतोय, लॉन्झो कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. मग टेलिव्हिजन आले, पोरांना गिटार आवडायला लागली, आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये फक्त चार जोडपी नाचतानाचा एक फोटो. त्यातही तो हसतच होता.

"हा माणूस कधी वाईट दिवशी फोटो काढत नव्हता का?" डॉक्टरनं विचारलं.

"वाईट दिवस होते की. मी होते ना सोबत." ओडेसानं नाक ओढलं. "चांगला बघ. हा उजवीकडून आहे, तो डावीकडून. रविवारच्या आत हवा."

"बाई, मी दात करतो, पाव भाजत नाही. हा शनिवार नाही, त्याच्या पुढचा."

"रविवारी खुर्ची आहे."

"मग तुम्ही प्रोफेसरांना सांगायला हवं."

ओडेसानं फोटो टेबलावरच राहू दिले. रिकामं खोकं उचलून निघाली. दारात वळून एवढंच म्हणाली, "तुझे वडील किंचाळले नव्हते. ती मी होते. पाणी फार गार होतं."

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे नाचाच्या हॉलवर जमले. वाजवणारे दहा, एनिस धरून अकरा, बारावी ओडेसा. सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली. तिच्या एका बाजूला एनिस, दुसऱ्या बाजूला पियानोवाला हॉबर्ट, दोघांच्या पोटात चर्चमधल्या जेवणातला मासा गुरगुरत होता. पाठीमागे लॉन्झो, आणि क्लीव्हन बिब्स. क्लीव्हन चाळिशीचा, दुसऱ्या खुर्चीवर अकरा वर्षं होता, आणि गेल्या अकरा वर्षांत त्यानं एकदाही जिंकायचा प्रयत्न केला नव्हता.

पहिल्यानं वाजवलं. वरच्या सुराशी येताच वाफ निघाली, त्यानं ती सावरली, पुन्हा निघाली. हॉबर्टनं डोळे मिटले. कोण वाजवतंय हे भिंतीकडे तोंड करूनही कळत होतं.

दुसऱ्यानं वाजवलं. जपून, हळू, जिंकू नये अशा बेतानं. तरी सूर स्वच्छ होता.

"पहिला?" ड्रमवाल्या मॉसनं विचारलं, तोही भिंतीकडे बघतच.

पाच हात वर गेले. ते हात ऐकून वर गेले नव्हते, हे ओडेसाला समजलं. तिला त्यांची माया आली आणि रागही आला.

"दुसरा?"

सहा हात. एनिसचा त्यात होता.

"मिस डेसा, तुम्ही राहिलात."

तिचा हात 'पहिला' म्हणाला असता तर सहा-सहा झालं असतं आणि खुर्ची लॉन्झोकडेच राहिली असती. मग ईस्टरच्या सोमवारी सगळ्या नॉर्थ साइडसमोर तो उभा राहिला असता आणि ट्रम्पेटमधून किटली वाजली असती. लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. तिला त्या टाळ्याच नको होत्या. आणि एनिसला एक न्याय, नवऱ्याला दुसरा, हे तिला या जन्मात जमलं नसतं.

"दुसरा," ती म्हणाली, आणि हात वर केला.

कोणी वळेना. शेवटी तीच वळली. लॉन्झो ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसला होता, त्या सरळ दातांवर ओठ घट्ट मिटून.

"मिस्टर क्वार्ल्स," ती म्हणाली. नवऱ्याला ती असं फक्त रागावली की म्हणे, किंवा कोणी वारलं की. "मला काही सांगायचंय, आणि मध्ये कोणी बोलायचं नाही. साचा झिजला नव्हता. मी डॉक्टरला दात सरळ करायला सांगितला. फोटोसाठी."

हॉलमध्ये एवढी शांतता झाली की हॉबर्टच्या पोटातला मासा सगळ्यांना ऐकू आला.

पहिला हसला एनिस. भिंतीकडे तोंड करूनच हसायला लागला, मग वाकून हसायला लागला, मग त्याला खुर्ची धरावी लागली. "तेहतीस वर्षं!" तो म्हणाला. "देवा, तेहतीस वर्षं मी वाट बघितली या बाईच्या हातून काहीतरी चुकायची!"

"तुझं मीठ मी पुढच्या रविवारी बघते," ओडेसा म्हणाली. "आणि वाकडा दात शनिवारी परत येतोय."

लॉन्झो उठून तिच्याजवळ आला. तिनं मान ताठ केली. काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं ठरवूनच ती उभी होती.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "माझं वय झालेलं नाही?"

"वय झालंय की. साठ वर्षांचे आहात तुम्ही. ओठ शाबूत आहे एवढंच."

"ओठ शाबूत आहे," तो म्हणाला. मग मॉसकडे वळून पुन्हा म्हणाला, "अरे, ओठ शाबूत आहे!" आणि हसला. ते कारभाऱ्याचे दात घेऊन हसला, आणि पहिल्यांदाच ओडेसाला ते दात अगदी परके वाटले, जसा काही दुसऱ्याच कोणाचा नवरा तिच्या नवऱ्याच्या तोंडातून डोकावतोय.

"मग पुन्हा ऐकू," क्लीव्हन घाईनं म्हणाला. "शनिवारी नवे दात येऊ देत. ही मोजणी धरू नका, प्रोफेसर."

"वर्षातून एकदा," लॉन्झो म्हणाला. "नियम कोणी काढला? एनिसनं पुन्हा मागितलं असतं तर मी दिलं असतं का?"

"दिलं नसतंस," एनिस डोळे पुसत म्हणाला. "मी मागितलं होतं."

शनिवारी वाकडा दात आला. डॉक्टरनं स्वतः घरी आणून दिला. लॉन्झोनं तो बसवला आणि मागच्या ओट्यावर गेला. ओडेसा आत मटार सोलत होती. पहिला सूर निघाला आणि तिनं सोललेले दाणे सालांच्या टोपलीत टाकले. तीन घरं पलीकडून मिसेस टिबेट ओरडली, "आला का परत? मला वाटलं घर बदललंत!"

सोमवारी हॉल गच्च भरला होता. पहिल्या खुर्चीवर क्लीव्हन होता, घामानं निथळत. पहिल्या खुर्चीचं काम ओझं वाहायचं असतं. सगळा बँड तिच्या मागून चालतो, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वरचा सूर तिनंच धरून ठेवायचा, दम घ्यायला उसंत नाही. लॉन्झोनं ते तेहतीस वर्षं केलं होतं आणि तेहतीस वर्षं त्याचा ओठ दर मंगळवारी सुजलेला असे. आता तो मागच्या रांगेत, चौथ्या खुर्चीवर बसला होता. चौथ्या खुर्चीला कमी वाजवायचं असतं, पण मध्ये सगळे गप्प झाले की उठून मनासारखं वाजवायची मुभा तिचीच असते. ही मुभा तेहतीस वर्षं त्यानं दुसऱ्यांना वाटली होती.

तो उठला तेव्हा लोक नाचायचे थांबले. त्यानं काही अवघड वाजवलं नाही. सकाळी घरातून निघताना गुणगुणावं तसं काहीतरी वाजवलं, पण त्याला कशाची घाई नव्हती. ओडेसा दाराशी रताळ्याची गोड पोळी कापत उभी होती. सुरी तशीच हातात राहिली. एवढ्या वर्षांत तिनं त्याला दम राखून न ठेवता वाजवताना कधी ऐकलं नव्हतं.

मग फोटोवाला आला. बारा जण पायऱ्यांवर उभे राहिले, एनिसलाही ओढून आणलं. ओडेसा मधोमध, निळ्या टोपीत. लॉन्झो तिच्याजवळ येऊन उभा राहिला आणि हळूच हात पुढे केला.

"काय?"

"ते दुसरे दात. तू पर्समध्ये आणलेत ना रुमालात बांधून? पाहिलं मी. दे, घालतो फोटोपुरते. तुझी भिंत आहे."

ओडेसानं पर्सची कडी उघडली. पांढरा रुमाल वरच होता. तिनं लॉन्झोच्या तोंडाकडे पाहिलं. तो दात तिथे होता, नवा कोरा आणि तितकाच निर्लज्ज, शेजाऱ्यावर रेलून उभा.

तिनं कडी खटकन बंद केली.

"हे मी एनिसला देणार आहे. कोंबडीत मीठ आहे की नाही ते तरी नीट कळेल त्याला," ती म्हणाली. "हसा आता, मिस्टर क्वार्ल्स. फोटोवाला खोळंबलाय."